घरचं म्हणजे कुणाचं?

मराठी माणसाला तीन गोष्टी घरच्या लागतात. लोणचं, तूप आणि मतं. त्यांपैकी मतं तो वर्तमानपत्रातून, आणि हल्ली मोबाइलवरून, उचलून आणतो आणि घरची म्हणून वाढतो. लोणच्या-तुपाच्या बाबतीत मात्र त्याला फसवाफसवी खपत नाही. 'घरचं आहे हो!' एवढे तीन शब्द उच्चारले की पथ्यावर असलेल्या माणसाचासुद्धा हात पुढे होतो. घरची चकली मऊ पडली तर ती 'अगदी खुसखुशीत नसली तरी चव काय आहे!' अशी असते. दुकानातली चकली दाताखाली कडाकड वाजली तरी 'कसलं तेल वापरतात कोण जाणे' अशी असते. थोडक्यात, घरच्या पदार्थाला सगळे गुन्हे माफ असतात.

मला ह्या शब्दाची गंमत वाटते ती निराळ्याच कारणाने. आंबा देवगडचा म्हटलं की गाव कळतं. पैठणी येवल्याची म्हटलं की माग डोळ्यांसमोर येतो. 'घरचं लोणचं' म्हटलं की काय कळतं? लोणचं काय भिंतींनी घातलं? कैऱ्या काय छपराने फोडल्या? घर काही करत नाही हो, घर नुसतं उभं असतं. करणारी दुसरीच कुणीतरी असते. आता तीही बहुधा उभीच असते, हा भाग वेगळा. पण 'घरचं' ह्या शब्दात घर तेवढं दिसतं आणि ती दिसत नाही, अशी ह्या शब्दाची रचनाच आहे. व्याकरणाच्या पुस्तकात कर्ता लुप्त होण्याचं एवढं चांगलं उदाहरण मी बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत दुसरं पाहिलं नाही.

हे सगळं डोक्यात घोळायला निमित्त झालं ते लसानियाचं.

माझ्याबरोबर त्याच शाळेत बत्तीस वर्षं शिकवलेली माझी एक मैत्रीण उत्तनची आहे. मे महिन्यात तिचा फोन आला, 'रविवारी जेवायला ये. पोरगा रजेवर आलाय, लसानिया करतोय. पट्ट्यासुद्धा घरीच लाटणार आहे म्हणतो.' तिचा पोरगा प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. वर्षातले सात-आठ महिने तो समुद्रावर परक्या लोकांसाठी रांधतो आणि उरलेल्या महिन्यांत घरी येऊन घरच्यांसाठी रांधतो. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, 'रविवारी उत्तनला लसानिया आहे.' ह्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, 'लसण्या? लसणीची चटणी खायला एवढ्या लांब?'

उत्तन तसं लांब नाही. भाईंदरला पश्चिमेला उतरायचं आणि बस पकडायची. मिठागरं आणि खारफुटी मागे पडली, की खिडकीतून आधी वारा येतो आणि मग वाऱ्याबरोबर गाव येतं. गाव येतं म्हणजे गावाचा वास येतो. बांबूंना बांधलेल्या दोरांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील ओळीने वाळत घातलेले असतात. नव्या माणसाला हा वास झेपत नाही. गावच्या माणसाला तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. वस्ती बरीचशी कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत ह्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांतली प्रार्थना बदलली, नावं-आडनावं बदलली. मासळी आणि मराठी मात्र कुणाला बदलता आली नाही.

मी पोचले तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. कार्यक्रम हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. पोराने ओट्यावर मैद्याचा ढीग केला, आपण भातात आमटीसाठी करतो तसं मधोमध आळं केलं, आणि त्यात अंडी फोडली. पाचशे ग्रॅम मैद्याला पाच अंडी. शंभराला एक, हे तिकडचं घरोघरचं प्रमाण. पाणी नाही, अंड्यात असतं तेवढंच. मग काट्याने अंडी फेटत फेटत कडेचा मैदा आत ओढला, गोळा झाला, आणि दहा मिनिटं तळहाताच्या बुंध्याने रेटून रेटून मळला. ह्या दहा मिनिटांत घरातली सात माणसं ओट्याभोवती उभी होती. तिघांनी मोबाइलवर चित्रण केलं. एक भाची म्हणाली, 'काय मस्त मळतो ना दादा!'

मी गेली एक्केचाळीस वर्षं रोज कणीक मळते. माझं चित्रण करायला अजून कुणी आलेलं नाही. एकदा मांजर आलं होतं, पण ते दुधासाठी.

मळून झाल्यावर त्याने गोळा झाकून ठेवला आणि जाहीर केलं, 'आता ह्याला अर्धा तास आराम.' त्याचं शास्त्रही त्याने सांगितलं. मैद्यातल्या प्रथिनांना ओलावा मिळाला आणि वर ती मळली गेली, की त्यांचं एक चिवट जाळं तयार होतं, त्याला ग्लुटेन म्हणतात. मळल्याबरोबर हे जाळं ताणलेलं असतं, म्हणून लगेच लाटायला गेलं तर लाटलेलं पुन्हा आखडून मागे येतं. थोडा वेळ झाकून ठेवलं की ते सैलावतं आणि मग सांगाल तसं पसरतं. आमच्या आजीला ग्लुटेन हा शब्द ठाऊक नव्हता, पण 'कणीक मुरू दे गं, घाई नको' हे तिचं वाक्य नेमकं ह्याच शास्त्रावर आधारलेलं होतं. म्हणजे कणकेला विश्रांती हवी, ह्यावर इटली आणि महाराष्ट्र ह्यांचं संपूर्ण एकमत आहे. मळणारीला ती हवी की नको, ह्याबद्दल मात्र दोन्हीकडच्या पाककृती गप्प आहेत.

अर्ध्या तासाने लाटणं बाहेर आलं. त्याच्या आजीचं, चांगलं लांबलचक. तिला सगळं घर 'आई' म्हणतं, म्हणून मीही म्हणते. आई ब्याऐंशी वर्षांच्या. त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि आपल्या लाटण्याचं काय होतंय ते बघत होत्या. पोराने गोळ्याचे भाग केले, एकेक भाग लाटत लाटत इतका पातळ केला की खाली पेपर धरला तर मथळा वाचता यावा. मग सुरीने वीतभर लांबीच्या पट्ट्या कापल्या आणि स्वच्छ पंचावर ओळीने पसरल्या. खिडकीबाहेर दोरावर बोंबील, खिडकीच्या आत पंचावर पट्ट्या. आईंनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, 'हे किती दिवस वाळवायचं रे?'

'वाळवायचं नाय आई, आत्ताच उकळत्या पाण्यात टाकायचं.'

'मग एवढं पसरून कशाला ठेवलंस? कावळ्यांना?'

आता माझा प्रश्न ऐका. पीठ मळणं, मुरवणं, लाटणं, कापणं. ह्यातली एकही क्रिया अशी नाही की जी ह्या देशात रोज सकाळी सहा वाजता लाखो स्वयंपाकघरांत होत नाही. पीठ तेच, लाटणं तेच, खांद्यात भरणारी कळही तीच. मग एका लाटण्याला टाळ्या आणि दुसऱ्या लाटण्याला 'अजून किती वेळ?' असं का? श्रम हे पुण्य आहे असं आपण मुलांना शिकवतो. मीही निबंधाला विषय दिलेला आहे. पण पुण्य श्रमात असेल तर ते दोन्हीकडे सारखंच जमा व्हायला हवं. मग एका खात्यात व्याज आणि दुसऱ्या खात्यात नुसती नोंदसुद्धा नाही, हा कुठला हिशेब?

पहिलं उत्तर कुणीही देईल: तो पुरुष आहे म्हणून. पुरुषाने लाटणं उचललं की ते कौशल्य, बाईने उचललं की ते नित्यकर्म. (बाईने ते पुरुषाच्या दिशेने उचललं की तो विनोद, आणि त्या एका विनोदावर आमच्या लहानपणीचे दिवाळी अंक निघत.) हे उत्तर खोटं नाही, पण पुरेसं नाही. कारण इटलीतही पिढ्यान्‌पिढ्या हे काम बायकांचंच. बोलोन्या शहरात अशा पट्ट्या लाटणाऱ्या बाईला वेगळं नाव आहे, 'स्फोल्यीना'. जवळजवळ मीटरभर लांबीच्या लाटण्याने त्या पोळपाटाएवढी नव्हे, टेबलाएवढी पोळी लाटतात. त्याच बोलोन्याच्या व्यापारमंडळात १९७२ साली 'तालियातेल्ले' ह्या पास्त्याची एक सोन्याची पट्टी मोठ्या इतमामाने ठेवली गेली. शिजल्यावर पट्टी ८ मिलिमीटर रुंद असली पाहिजे, म्हणजे गावातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग, असं प्रमाण ठरवून. आमच्याकडे हेच प्रमाण 'करंगळीएवढं' असं सांगितलं असतं आणि मनोरा वाचला असता. पण मुद्दा तो नाही. पट्टी सोन्याची झाली. सोन्याचं लाटणं करून त्या बाईच्या हाती द्यावं असं काही कुणाला सुचलं नाही.

दुसरं उत्तर नवलाईचं. लसानिया वर्षातून एकदा, पोळी वर्षातून तीनशे पासष्टदा. हेही खरं. पण जरा खोलात गेलं की तिसरंच काहीतरी हाताला लागतं. लसानिया न करण्याची मुभा असते. रविवारी सकाळी पोराने 'आज कंटाळा आलाय' म्हटलं असतं तर सगळे 'असू दे रे' म्हणाले असते. लसानिया बिघडली तर माणसं हसतात आणि बाहेरून काहीतरी मागवतात. पोळ्या बिघडल्या तर विषय थेट माहेरच्या वळणावर जातो. जे टाळता येतं ते केलं की छंद, आणि जे टाळता येत नाही ते केलं की कर्तव्य. कर्तव्याला टाळ्या मिळत नाहीत, फार तर सेवानिवृत्तीच्या दिवशी नारळ मिळतो. स्वयंपाकघरात तोही मिळत नाही. तिथे नारळ खवायला मिळतो.

मी हे पोराला बोलून दाखवलं तर तो हसला. 'मावशी, जहाजावर मीपण पोळ्याच लाटतो असं समज. तिथे पट्ट्या यंत्रातून येतात. मी थर लावतो, तीनशे पानांचे. एकजण बघायला येत नाही. आला तर उशीर का झाला विचारायला येतो.' म्हणजे हातही तोच, माणूसही तोच, पदार्थही तोच. उत्तनच्या ओट्यावर कला आणि समुद्रावर पाट्या टाकणं.

ह्या घरात लाटण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो ह्या दोन्हींत बसत नाही. नाताळच्या आधी ह्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांतून कुलकुल करतात. पिठाची बोराएवढी गोळी घ्यायची, कंगव्यावर नाहीतर काट्याच्या पाठीवर दाबायची आणि वळून शंखासारखी गुंडाळी करायची, मग तळून साखरेत घोळायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या फणुल्या आठवल्या. आमच्याकडे लग्नघरी गव्हल्यांबरोबर, नखाने वळायच्या नखुल्यांबरोबर फणीवर उमटवलेल्या फणुल्या करत. पुढे त्यांची खीर व्हायची. आणि पोराने सांगितलं की इटलीतही 'गार्गानेल्ली' नावाचा पास्ता कंगव्यासारख्या दात्यांवरच वळतात. म्हणजे बघा, तीन ठिकाणच्या बायकांनी एकमेकींना न विचारता केसांच्या फणीचा एकच उपयोग शोधून काढला. ह्यावरून त्यांना केस विंचरायला किती वेळ मिळत असेल ह्याचा अंदाज येतो.

पण कुलकुल एकटीने कुणी करत नाही. टेबलाभोवती सगळं घर बसतं. आजोबा, पोरं, शेजारणी. कुणी किती वळले ते कुणी मोजत नाही आणि वाकडे कुणाचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात खाटेला शेवयांचं यंत्र आवळून बसवायचं, तेव्हाही तसंच असायचं. एक पीठ कोंबणार, एक दांडा फिरवणार, एक खालून शेवया अलगद झेलून काठीवर टाकणार. दमायला व्हायचंच, पण त्या दमण्याला सोबत असायची. तिथे टाळ्याही नसत आणि 'अजून किती वेळ?'ही नसे. कारण विचारणाराच यंत्राचा दांडा फिरवत असे.

आणि एक सांगते. पोराने खिम्याच्या रश्शात हळूच आईंच्या बाटलीतला मसाला घातला. बॉटल मसाला हा ईस्ट इंडियन घरांचा प्राण. उन्हाळ्यात पंचवीस-तीस जिनसा वाळवून, भाजून, कुटून हा मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरून ठेवतात, वर्षभर टिकतो. प्रत्येक घर म्हणतं, 'आमचा घरचा.' तो कुटायला पूर्वी गावोगाव बायकांच्या टोळ्या यायच्या. उंच मुसळं घेऊन दोघी-तिघी एकाच उखळात तालावर कुटायच्या आणि मजुरी घेऊन पुढच्या घरी जायच्या. मग हा मसाला कुठल्या घरचा? जिनसा ह्या घरच्या, कृती आजेसासूची, आणि दंड तिसऱ्याच घरच्या. पण त्या बायकांचं एक बरं होतं. त्यांच्या दंडांचा हिशेब संध्याकाळी चुकता व्हायचा. 'घरच्या' दंडांचा तेवढाही होत नाही.

थोरामोठ्यांनी ह्यावर काही म्हणून ठेवलंय का, ते मी आठवून पाहिलं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत बजावतात की जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पाप खातो. वाचून आमच्या पिढीतल्या बायकांना फार धीर येतो. कारण केवळ स्वतःसाठी रांधायची पाळी आमच्यावर आलेलीच नाही. ज्या दिवशी घरात एकटं असतं त्या दिवशी आम्ही चहा आणि खारी खातो. पण जो केवळ दुसऱ्याने रांधलेलंच खातो, त्याचं काय? तिथे भगवंतांनी विषय बदललेला दिसतो. गांधीजींनी मात्र विषय बदलला नाही. रस्किनचं पुस्तक १९०४ साली त्यांच्या हाती पडलं आणि तेव्हापासून शरीरश्रम त्यांनी धरून ठेवला. पुढे आश्रमाच्या अकरा व्रतांत तो घातला. बॅरिस्टरसुद्धा भाजी चिरतो, हे त्यांनी देशाला करून दाखवलं. देशाने त्यांचं पुष्कळ ऐकलं. चरखा दिवाणखान्यात आणून ठेवला. पोळपाटाला मात्र दिवाणखान्यात यायचं आमंत्रण अजून गेलेलं नाही.

सगळ्यांत मजेदार माणूस म्हणजे रोमन कवी होरेस. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला. आपण किती साधे राहतो, हे तो एका कवितेत मोठ्या समाधानाने सांगतो. दिवसभर बाजारात निवांत भटकावं आणि घरी येऊन काय खावं, तर कांद्याच्या पातीसारखी एक भाजी, हरभरे आणि 'लागानुम'. हा लागानुम म्हणजे पिठाच्या पातळ पोळीचा प्रकार, आणि लसानियाचं मूळ पुष्कळ लोक ह्याच्याशी नेऊन जोडतात. वाचताना वाटतं, वा, काय निर्मोही माणूस! आणि लगेच पुढे तो सांगतो की हे साधं जेवण त्याला वाढतात तीन गुलाम. साधेपणाची ही व्याख्या मला फार ओळखीची वाटली. आमच्याकडेही 'मला काही नको गं, नुसती गरम पोळी आणि वरण' असं म्हणणारी साधी माणसं घरोघर आहेत.

आता त्या रविवारचं पुढचं. पट्ट्या मिठाच्या उकळत्या पाण्यात मिनिटभर शिजल्या, गार पाण्यातून निघाल्या आणि पुन्हा पंचावर निथळल्या. मग खोलगट भांड्यात थर सुरू झाले. खिमा, लोण्यात परतलेल्या मैद्याचा आणि दुधाचा पांढरा सॉस, किसलेलं चीज, वर पट्ट्या, पुन्हा खिमा. पाच थर झाल्यावर भांडं ओव्हनमध्ये गेलं, पोराने दार लावलं, ॲप्रन काढून खुंटीला टांगला, हात धुतले. आणि येऊन आमच्यात बसला.

मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं पदार्थ आपला आपण भाजत होता आणि करणारा आमच्याबरोबर गप्पा मारत होता. भांडं बाहेर आल्यावरही लगेच कापायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर थर घसरतात. म्हणजे पुन्हा गप्पा. मग भांडं टेबलाच्या मधोमध आलं, चौकोन कापले गेले, सगळ्यांच्या ताटांत एकाच वेळी पडले आणि सगळ्यांनी एकाच वेळी पहिला घास घेतला. मैत्रीण बसली होती, तिची सून बसली होती, आई बसल्या होत्या. कुणी उठून आत जात नव्हतं, कारण आत काही उरलंच नव्हतं.

चव उत्तम होती. विकतच्या कडक पट्ट्यांना न येणारा मऊपणा ह्या पट्ट्यांत होता. घास जिभेवर ठेवला की थर वेगळे लागत आणि तरी एक होत. सगळे वाहवा करत होते. आई काही बोलल्या नाहीत. अर्धं ताट झाल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, 'आज माझं जेवण गरम आहे.'

पोराने ते कौतुक समजून 'थँक्यू आई' म्हटलं. मला ते कौतुक वाटलं नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईने केलेला तो हिशेब होता, आणि फार कमी आकड्यांत केलेला होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण इतका वेळ भलत्याच ठिकाणी मोजमाप करत होतो. किती मळलं, किती पातळ लाटलं, घरचं का दारचं, बाईने का पुरुषाने. खरी परीक्षा पंगतीत आहे. करणारं माणूस खाणाऱ्यांबरोबर बसलं का? पोळीची सगळी कीर्ती तव्यावरून थेट पानात पडण्यावर उभी आहे. फुलका फुगला की लगेच वाढला पाहिजे. म्हणजे एकाने तव्यापाशी उभं राहिलंच पाहिजे. पदार्थाच्या व्याख्येतच एक माणूस पंगतीबाहेर काढलेलं आहे. लसानियाच्या व्याख्येत ते नाही. ती सकाळी कितीही राबवून घेवो, जेवायच्या वेळी करणाऱ्याला मोकळं सोडते.

आणि मग मला वरणफळं आठवली. आम्ही ज्यांना वरणफळं म्हणतो त्यांना कुठे चकोल्या म्हणतात. कणकेची पोळी लाटायची, शंकरपाळ्यांसारखी कापायची आणि उकळत्या आमटीत सोडायची. इटालियन माणसाला दाखवलंत तर तो ह्याला निमूटपणे ताजा पास्ता म्हणेल. आमच्या घरी आई महिन्यातून एखाद्या संध्याकाळी जाहीर करायची, 'आज वरणफळं.' वडील कुरकुरायचे, 'पोळीभाजी नाही का?' आम्हा मुलांना वाटे, आई आज दमली असेल, म्हणून सोपं काहीतरी केलं. पण त्या संध्याकाळी पातेलं मधोमध यायचं, तूप वाढलं जायचं, आणि आई आमच्याबरोबर पाटावर बसायची. एरवी ती आमचं झाल्यावर बसे, ओट्याशी, पातेल्यातलं खरवडून. गीतेत फलाची आशा धरू नये म्हणतात. आईने महिन्यातून एकदा वरणफळाची धरली होती, एवढंच.

आता कुणी म्हणेल, 'अहो, पण बायकांना आवडतं गरम गरम वाढायला!' आवडतं की. मलाही आवडतं. कुणी मन लावून जेवत असेल तर तव्यापाशी उभं राहण्यात एक सुख असतं, ते मी नाकारणार नाही. पण आवड ही तीच, जिला 'आज नाही' म्हणता येतं. जिला म्हणता येत नाही, तिला आवड म्हणणं म्हणजे बोंबलाला वारा आवडतो म्हणून तो दोरावर लटकतो, असं म्हणण्यासारखं आहे. दुसरा एक वर्ग म्हणतो, 'आम्ही कुठे अडवलंय? बसा की आमच्याबरोबर!' हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकलेलं आहे आणि ते नेहमी तोंडात घास असताना, दुसऱ्या पोळीसाठी ताट पुढे करत म्हटलेलं असतं.

म्हणून दुकानातून आणलेल्या पट्ट्यांच्या पुड्याला नावं ठेवायला मी तयार नाही. ज्या घरी तो पुडा फोडल्यामुळे एक माणूस वेळेवर पंगतीला बसतं, त्या घरी तो पुडा घरचाच. आणि ज्या घरी सगळ्यांनी मिळून पीठ मळलं, लाटलं, कापलं, वाकड्या पट्ट्यांवरून भांडणं केली, त्या घरी हाताने केलेल्या पट्टीला सोन्याची पट्टीही तोड नाही. ह्या दोन्हींत विरोध नाही. विरोध आहे तो एकीने करावं, दुसऱ्यांनी खावं आणि वर त्याला घराचं नाव द्यावं, ह्याला.

परतताना मी पोराकडून कृती लिहून घेतली. मैदा पाचशे ग्रॅम, अंडी पाच, अर्धा तास मुरवणे, वगैरे. शेवटी त्याने पुस्तकी थाटात लिहिलं होतं, 'हे आठ माणसांना पुरेल.' मी बसमध्ये बोटं मोजली. ओट्याभोवती उभे होते ते सात, आणि करणारा तो आठवा. हिशेब बरोबर होता.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुठल्याही पाककृतीच्या शेवटी 'चार माणसांना पुरेल' असं वाचलं, की मी थांबते आणि विचारते: ह्या चारांत करणारी धरली आहे ना?